आपण सोडलेलं काम पोरीच्या हातात परत येतं का?

शहापूरचा पॅटर्नवाला:
नमस्कार. मी बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीसाठी सागवानी पॅटर्न, म्हणजे साचा घ्यायचे लाकडी नमुने, करतो. बीड (ओतीव लोखंड) ओतल्यावर आकसतं, म्हणून फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जादा धरायचं, यातच चोवीस वर्षं गेली. आमचे आबा शाडूचे गणपती करायचे. पगार पाहिजे होता म्हणून मी ते सोडलं. आता मुलगी बारावी झाली आणि शिल्पकलेलाच जाणार म्हणते. आईचं म्हणणं, "तू सुटलास ते बरं झालं, परत पोरीला कशाला त्यात?"

परवा बोरग्लम घराण्याबद्दल वाचलं. जेन्स बोरग्लम डेन्मार्कहून अमेरिकेत गेला. लाकडावर कोरीवकाम करायचा, पुढं ते सोडून डॉक्टर झाला. तरी गटझन आणि सोलोन ही त्याची दोन पोरं शिल्पकार झाली. गटझननं १९२७ साली माउंट रशमोरचा डोंगर कोरायला घेतला, अमेरिकेच्या चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे आहेत तो. मार्च १९४१ मध्ये तो गेला, तर मुलगा लिंकननं ऑक्टोबरपर्यंत काम आवरलं. जेन्सनं पटाशी खाली ठेवली तरी पोरांनी ती उचलली कशी? तुमच्याकडं कुणाच्या घरी असं झालंय का?

खानापूर रोड:
दादा, लिंकन तिथं आधी मापं घ्यायच्या कामाला होता. स्टुडिओतल्या नमुन्यावर एक इंच तो डोंगरावर एक फूट. म्हणजे तुमचंच काम की! तुम्ही सोडलं कुठं? पोरीनं लहानपणापासून तुम्हाला माप धरतानाच बघितलंय.

निपाणीची लेक:
आमच्याकडं झालंय. आजोबा सुतार, वडील शिक्षक, भाऊ आता लाकडी देव्हारे करतो. वडिलांनी आजोबांची हत्यारं कधी विकली नाहीत, एवढंच.

पण भाऊ, तो डोंगर कुणाचा होता हेही मुलीला सांगा. तो ज्या डोंगररांगेत आहे ती ब्लॅक हिल्स म्हणजे तिथल्या मूळच्या लाकोटा लोकांची पवित्र जागा. १८६८ च्या तहानं ती त्यांचीच ठरली होती, सोनं सापडल्यावर सरकारनं काढून घेतली. बोरग्लमांची करामत मोठीच, पण तो फोटो बघताना मला ते आधी आठवतं. आपण सीमाभागातली माणसं, मुलूख कुणाचा हा प्रश्न आपल्याला परका नाही.

शहापूरचा पॅटर्नवाला:
ताई, हे तिला सांगितलं. बराच वेळ गप्प बसली.

काल माळ्यावरून आबांच्या कोरण्या काढल्या. बांबूच्या आहेत, टोकाला अजून वाळका शाडू. सोंडेच्या वळणाची बारकी कोरणी तिनं न विचारता बरोबर उचलली. मुंबईच्या जे. जे.ची प्रवेश परीक्षा कुणाच्या मुलांनी दिली असेल तर तयारी कशी करायची तेवढं कळवा.