'कुजके भाषण' म्हणजे नक्की काय?

शरणपूरकर
रविवारी संडेस्कूलच्या मोठ्या मुलांना बोलण्यावरचा पाठ घ्यायचाय. पौलाचं इफिसकरांस पत्र ४:२९, आपल्या नेहमीच्या बायबलात 'कुजके भाषण'. मागच्या वेळी अर्थ विचारला तर आठवीतला एक जण पटकन म्हणाला, "आमची आत्या बोलते तसं. 'या! वाट चुकलात वाटतं आज!'" वर्ग फुटला. आत्या बाहेर व्हरांड्यात चहाचे कप मांडत होती. मी सारवासारव केली, कुजके म्हणजे शिवीगाळ, घाणेरडं बोलणं. घरी सासूबाई म्हणाल्या, पोरगं बरोबर होतं, तूच चुकलीस. आता पाठाच्या कागदावर काय लिहू?

टाकळीकर
सासूबाईंना आधी नमस्कार सांगा. कुजकं बोलणं म्हणजे टोमणाच. 'कुजकी शिवी' ऐकलीय का कधी? शिवी तोंडावर येते. कुजकं बोलणारा आवाजसुद्धा चढवत नाही, हसून बोलतो. कुजबूजही त्याच मुळातली, लिहून घ्या.

जुना प्रूफरीडर
ताई, अजिबात लिहून घेऊ नका. कुजबूज हा नुसता आवाज आहे, पुटपुट, गुणगुण तसा. मूळ ग्रीकमध्ये तिथे 'साप्रोस' आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात जाळ्यातले टाकाऊ मासे फेकून देतात त्यांना हाच शब्द, वाईट फळ देणाऱ्या झाडालाही हाच. म्हणजे खराब माल. शिवी, टोमणा, चहाडी सगळं त्यात येतं. भाषांतरकाराने शब्दाला शब्द दिला, पण मराठीत त्या जागेवर टोमणा आधीच बसलेला.

निफाडकडचा
मासे असतील तर कुजके कसे म्हणायचे? लाकूड कुजतं, पालापाचोळा कुजतो. शेणखत तर कुजलेलंच लागतं, कच्चं टाकलं तर मुळं जळतात. दूध नासतं. कांदा सडतो. साठवणीच्या चाळीत हात घातला की एखादा सडका बोटाला लागतोच, पाणी सुटलेला, आणि त्याला चिकटलेले चार-पाच ओले झालेले. साबण लावून हाताचा वास जात नाही. पौलाला हे म्हणायचं असेल तर सरळ 'सडकं बोलणं' लिहा.

शरणपूरकर
उपासनेत 'सडकं' वाचायला पाळकसाहेब देतील का, शंका आहे.

गंगेवरची
का नाही? पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून सगळं बायबल सोप्या मराठीत केलं, १९२४ मध्ये छापून आलं, ते साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणूनच ना? आपल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' घरच्या बोलीत सांगितली. आणि आपण 'भाषण' शब्दाला धरून बसलोय. भाषण नाशकात गोल्फ क्लब मैदानावर होतं, स्वयंपाकघरात बोलणं होतं.

जुना प्रूफरीडर
सोपं म्हणजे ढिलं नव्हे. शास्त्राच्या शब्दाला थोडं वजन हवं. उद्या म्हणाल पौलाला अरेतुरे करा.

टाकळीकर
वजनाचं सोडा, कलस्सैकरांस पत्रातलं काय करायचं? 'मिठाने रुचकर' बोला म्हणे. आमच्याकडे मीठ लावून बोलतो तो चहाडखोर. तिखटमीठ लावून सांगण्यात माझ्या एका मामाचा हात कोणी धरत नसे. म्हणजे तो पौलाच्या शिकवणीत बसतो का? (चेष्टा नाही, खरंच विचारतोय.)

गंगेवरची
मीठ अळणी भाजीत घालायचं, काका. जखमेवर चोळायचं नाही.

पढतमूर्ख
आयडी दासबोधातून घेतलाय, समर्थांनी तप केलं ते टाकळीत, तेव्हा टाकळीकरांनी राग मानू नये. इफिसकरांस पत्रातच पुढच्या अध्यायात ५:४ ला 'बाष्कळ' आहे. तो ऋग्वेदाच्या बाष्कल शाखेवरून आला असं आमचे मास्तर छातीठोक सांगत. तिथं ग्रीक 'मोरोलोगिया', मूर्खाचं बोलणं.

जुना प्रूफरीडर
तुमच्या मास्तरांना उत्तर द्यावं की न द्यावं? नीतिसूत्रे २६:४ म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, २६:५ म्हणतं दे. मी चौथ्या ओवीवर थांबतो.

गंगेवरची
ओवी? बायबलात वचन असतं हो. आणि हे जे आत्ता लिहिलंत ना, हेच ते कुजकं.

शरणपूरकर
कागद उद्या सकाळी झेरॉक्सला द्यायचाय. कुजकं, सडकं की घाणेरडं? सासूबाई 'टोचून बोलणं' म्हणतायत.

निफाडकडचा
ते 'चार-पाच ओले' लिहिलंय ना, ते उन्हाळ कांद्याचं होतं. लाल कांदा चाळीत टिकतच नाही, कोणी गैरसमज करून घेऊ नका.

टाकळीकर
उन्हाळही सडतो, पाऊस आत आला की. आमच्या मामाची अख्खी चाळ गेली होती.

निफाडकडचा
हे तिखटमीठवालेच मामा ना?