हेन्री मॉडस्ली सहावीच्या मुलांना करून कसा दाखवायचा?

अमळनेरकर:
विज्ञान प्रदर्शनात आमच्या गटाला हेन्री मॉडस्ली (इंग्रज यंत्रकार) आलाय. चित्रं चिकटवलेला तक्ता नको, मुलांना हाताने फिरवून बघता येईल असं काही सुचवा. खर्च दोनशेच्या आत. 'लेथचा जनक' (लेथ म्हणजे वस्तू फिरवत ठेवून तासायचं यंत्र) लिहिलं तर चालेल?

टर्नर_भुसावळ:
'जनक' नका लिहू भो. लेथ फार जुना. नेमके आटे पाडणारं यंत्रसुद्धा इंग्रज उपकरणकार जेसी रॅम्सडेनने १७७० च्या दशकातच केलं होतं. मॉडस्लीने (जन्म १७७१, वुलिच) १८०० च्या सुमारास लोखंडी बेड (यंत्राचा पाया), टूल (कापायचं हत्यार) घट्ट धरून सरकणारा स्लाइड रेस्ट, लीड स्क्रू (टूल पुढे सरकवणारा लांब स्क्रू) आणि बदलायचे गियर एका यंत्रात आणले. त्याआधी टूल बहुधा कारागिराच्या हातात. त्यामुळे आटे सारखे पडत नसत, आणि एका बोल्टाचा नट दुसऱ्याला बसेलच असं नव्हतं.

गियरचा हिशोबही मुलांना जमतो. लीड स्क्रूचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ६ मिमी, पाडायचे आटे १.५ मिमी, म्हणजे स्पिंडलकडे (वस्तू फिरवणाऱ्या दांड्याकडे) २० दाती आणि स्क्रूकडे ८० दाती. मधला गियर कितीही दातांचा टाका, प्रमाण तेच राहतं, फक्त दिशा फिरते.

धुळेवाला:
मायक्रोमीटर (स्क्रू फिरवून बारीक जाडी मोजायचं साधन) करा. मॉडस्लीच्या बाकावर असंच मोजमापाचं यंत्र असे. मापावरून वाद झाला की त्याचा निकाल अखेरचा, म्हणून नाव 'लॉर्ड चॅन्सलर' (इंग्लंडमधलं वरिष्ठ न्यायाधीशाचं पद).

सामान: पूर्ण आट्यांचा एम-६ बोल्ट (लांबी ५० मिमी), २ नट, २० मिमी जाड लाकडाचे तुकडे, एम-सील, पुठ्ठा. लाकडाची 'सी' आकाराची चौकट करा. पातळ फळी घेतली तर बोल्ट आवळताना ती फाकते आणि माप खोटं येतं. एका बाजूला आरपार भोक पाडून त्यात नट एम-सीलने बसवा. बोल्टाला आधी ग्रीस लावा, नाहीतर तोही चिकटेल. समोरच्या बाजूला मोठ्या डोक्याचा स्क्रू ठोका. बोल्टाचं टोक कानशीने सपाट करा.

बोल्टाच्या डोक्यावर ८ सेंमी व्यासाची पुठ्ठ्याची चकती चिकटवा, ५० भाग पाडा (दर ७.२ अंशांवर रेघ). एम-६ चा पिच १ मिमी, म्हणून एक रेघ म्हणजे ०.०२ मिमी. झेरॉक्सचा कागद ५ रेघांच्या आसपास येतो. एकच कागद मोजू नका, २० एकत्र मोजून भागा.

अमळनेरकर:
बोल्ट नटात हलतो. उलटसुलट फिरवला की शून्य सरकतं.

टर्नर_भुसावळ:
तो प्ले आहे, प्रत्येक स्क्रूला असतो. वाचन नेहमी आवळायच्या दिशेनेच घ्या. पुढे गेलात तर अर्धा फेरा मागे या, मग परत हळू आवळा. दुसरा नट बाहेरून चढवून पहिल्याकडे जरासा ताणून बसवला की प्ले खूप कमी होतो. फार आवळला तर बोल्ट फिरणारच नाही. चकती पकडून जोर लावू देऊ नका, कागद दबतो आणि प्रत्येक मुलाचं माप वेगळं येतं. दोन बोटांनी, हलकंच.

चोपडा_७:
तक्त्यावर पोर्ट्समथ (इंग्लंडमधली नौदलाची गोदी) जरूर घ्या. अभियंता मार्क ब्रुनेलच्या रचनेवरून मॉडस्लीने जहाजांच्या दोरांसाठी कप्प्या बनवणारी यंत्रं करून दिली. १८०८ पर्यंत वर्षाला सुमारे १,३०,००० कप्प्या निघत. विहिरीवरची कप्पी मुलांनी पाहिलेलीच असते, एक आणून ठेवा. तिच्या चाकाचा मधला आस झिजला असेल तर अजून उत्तम, नेमकं माप कशाला हवं ते बोटानेच कळेल.