कन्सोलेशन लेक्स ट्रेक, येत्या शनिवारी: किमान चारचे गट आणि शटल बसच्या सीट्स

मंडळी नमस्कार,

शनिवारसाठी आत्तापर्यंत चौदा नावं आलीत, म्हणजे दोन गट पाच जणांचे आणि एक चारचा. ही वाटणी मी आधीच का करतोय ते सांगतो. आपली वाट बॅन्फ नॅशनल पार्कमधल्या मोरेन लेकपासून निघते आणि त्या सगळ्या पट्ट्यात ग्रिझली अस्वलं असतात, त्यामुळे पार्क्स कॅनडा (कॅनडातली राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारी सरकारी संस्था) सीझनमध्ये तिथल्या ट्रेल्सवर कमीत कमी चार जणांच्या गटाची सक्ती करतं, आणि चार म्हणजे सुरुवातीच्या पाटीपाशी चार आणि मग एक पुढे एक मागे असं नाही, तर जाऊन येईपर्यंत एकमेकांच्या जवळ असलेले चार. चारचा जो गट आहे त्यातला एक जरी ऐनवेळी गळला तरी उरलेल्या तिघांना दुसऱ्या गटात घालावं लागेल, तेव्हा यायचं नसेल तर आजच कळवा प्लीज.

२०२३ पासून मोरेन लेकच्या रस्त्यावर खाजगी गाड्या बंद आहेत हे नवीन मंडळींसाठी परत सांगतोय. गाड्या लेक लुईस स्की रिसॉर्टच्या पार्क अँड राइडला लावायच्या आणि तिथून शटल. आठ सीट्स आधीच बुक केल्यात, बाकीच्या दोन दिवस आधी सकाळी ८ ला बुकिंगसाठी खुल्या होतात, तर गुरुवारी ८ च्या आधीच लॉग इन करून बसा, पाच-दहा मिनिटांत संपतात. कॅल्गरीहून सहाला निघू, दोन तास धरा.

ट्रेक छोटा आहे, एका बाजूने जेमतेम तीन किलोमीटर आणि चढ शंभर मीटरसुद्धा नाही.

----

उत्तर: कन्सोलेशन लेक्स ट्रेक

दादा, आमच्याकडून पाच जण नक्की. पण दोन-तीन शंका आहेत. बाबा (माझे सासरे) ७१ चे आहेत, रोज चार-पाच किलोमीटर चालतात पण उतरताना गुडघा धरतो, तर त्यांना आणू का? आणि आमचा नऊ वर्षांचा मुलगा चालत नाही, पळतो, त्याला तीन तास धरून ठेवायचं म्हणजे आधीच सांगून ठेवलं पाहिजे. तिसरं म्हणजे आईंनी दशम्या आणि लसणाची चटणी करायचं मनावर घेतलंय, तो वास अस्वलाला जाईल का? मी त्यांना नाही म्हणू शकत नाहीये पण उगाच धोका नको.

----

उत्तर: कन्सोलेशन लेक्स ट्रेक

वहिनी, बाबांना जरूर आणा. वाट झाडीतून जाते, चांगली मळलेली आहे, फक्त शेवटी तळ्याच्या काठाला मोठमोठ्या दगडांचा पसारा आहे, तिथे दगडावरून दगडावर जावं लागतं. पाऊस पडून गेला असेल तर बाबांनी तिथे पुढे जाऊच नये, अलीकडून सुद्धा तळं आणि मागचे क्वाड्रा, बायडंट हे डोंगर पूर्ण दिसतात. काठी मात्र हवीच.

दशम्या आणा, पण घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि चटणीचा कागद, फळाची साल, मुलांनी सांडलेला चिवडा यातलं काहीही तिथे राहता कामा नये. दगडांत पायका (सशाच्या जातीचा छोटा प्राणी) आणि मार्मॉट (मोठ्या खारीसारखा प्राणी) असतात, जवळ येतात, मुलांना वाटतं भरवावं. भरवायचं नाही, तो गुन्हा आहे, शिवाय माणसाच्या खाण्याची चटक लागलेल्या प्राण्याचं पुढे वाईटच होतं.

आता मुलाचं. गेल्या वर्षी माझ्याच गटात हे झालं म्हणून लिहितोय. परतताना दोन मुलं आणि एक पालक पुढे गेले, मी बुटाची लेस बांधायला थांबलो, वळणावर बघतो तर वाटेत अस्वलाची ताजी विष्ठा. हाका मारल्या तर उत्तर नाही, कारण शेजारून बेबल क्रीक हा ओढा एवढ्या आवाजात वाहतो की वीस पावलांवरचं ऐकू येत नाही. आणि माझा बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा तिखट फवारा) सॅकच्या तळाशी. दहा मिनिटांनी ते भेटले, सगळे ठीक होते, पण ती दहा मिनिटं मी विसरलेलो नाही. आपल्याला ऐकू येत नाही तसंच अस्वलालाही आपण आलेलो ऐकू येत नाही, आणि अचानक समोर आलेल्या माणसाला ते घाबरतं, खरी भीती त्याची आहे. म्हणून ओढ्याजवळ आणि वळणांवर मोठ्याने बोलायचं, टाळ्या वाजवायच्या, गाणी म्हणा. स्प्रे कमरेला किंवा छातीच्या पट्ट्याला, प्रत्येक गटात दोघांकडे, आणि वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. तुमच्या गटात बाबांनाच पुढे ठेवा.

----

उत्तर: कन्सोलेशन लेक्स ट्रेक

दादा, काल घरी पोचायला रात्र झाली म्हणून आज लिहितेय. बाबांना पुढे ठेवायची युक्ती फार छान निघाली, कारण मागे राहिलोय आपल्यामुळे सगळे थांबलेत असं त्यांना एकदाही वाटलं नाही, उलट नातवाला त्यांनी टाळ्यांच्या ड्यूटीवर लावलं आणि तो पूर्ण वाटभर पळाला नाही. दगडांपाशी ते स्वतःच म्हणाले मी इथेच बसतो, तर आम्ही चौघंही तिथेच बसलो, पुढे कुणीच गेलो नाही, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाहीये. मागे वळून बघितलं तर माउंट टेम्पल, त्याच्यावर बर्फ, आणि बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत.

मोरेन लेकचा तो निळा रंग खरा आहे का, पाण्यात काही टाकतात का असं आई विचारत होत्या. हिमनदी खालचा खडक घासते, त्याचं पिठासारखं बारीक चूर्ण पाण्यात तरंगत राहतं आणि त्यावरून निळा-हिरवा प्रकाश विखुरतो असं तुम्ही सांगितलं, ते त्यांना एकदम पटलं, जात्यावरच्या पिठासारखं म्हणाल्या. मोरेन लेकभोवतीच्या दहा शिखरांना पूर्वी स्टोनी नाकोडा या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले एक ते दहा आकडे नावं म्हणून दिले होते आणि वेंकचेम्ना म्हणजे दहा, हे मुलाला एवढं आवडलं की आज सकाळपासून घरात कुठलीही दहावी वस्तू वेंकचेम्ना आहे.

सप्टेंबरच्या शेवटी लार्चची झाडं सोनेरी होतात तेव्हा मोरेन लेकजवळच्याच लार्च व्हॅलीला जायचं म्हणतोय. आई-बाबा तोपर्यंत परत गेलेले असतील, त्यामुळे आमच्याकडून दोन मोठे आणि एक छोटा. चारच्या गटात मुलाला मी मोजत नाही. अजून दोन मोठी माणसं लागतील, कोण येतंय?