पॉल ग्राइस : इतके कमी छापूनही प्रॅग्मॅटिक्सचा पाया कसा घातला?

प्रश्न : वाक्यशोधक

मी तत्त्वज्ञानात एम.ए. करीत असून भाषेचे तत्त्वज्ञान हा माझा विशेष विषय आहे. प्रॅग्मॅटिक्सचे, म्हणजे संदर्भानुसार बोलण्यातून काय सुचते याच्या अभ्यासाचे, कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले, तरी पॉल ग्राइस (१९१३–१९८८) यांचे नाव पहिल्याच प्रकरणात येते. पण त्यांच्या हयातीत त्यांचे एकही पुस्तक निघाले नाही आणि ‘स्टडीज इन द वे ऑफ वर्ड्स’ हा निबंधसंग्रह १९८९ मध्ये, म्हणजे निधनानंतर आला. मग त्यांचा एवढा दबदबा कशामुळे? आणि ज्या संभाषणाच्या नियमांसाठी (पुरेसे, खरे, प्रस्तुत आणि स्पष्ट बोलावे) ते ओळखले जातात, ते नियम त्यांना मुळात सुचले कशावरून?

प्रतिसाद : मीमांसक

पाठ्यपुस्तके ग्राइस यांची गोष्ट १९६७ च्या हार्वर्डमधील विल्यम जेम्स व्याख्यानांपासून सुरू करतात आणि त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर झाकले जाते. ग्राइस ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात शिकवीत असत, आणि त्या काळच्या ऑक्सफर्डमध्ये एक युक्तिवाद फार चाले : एखादे विधान सर्वसाधारण परिस्थितीत कोणी करीत नसेल, तर त्या परिस्थितीत ते खरेही नसते आणि खोटेही नसते. ‘ही वस्तू मला लाल दिसते’ असे आपण शंका असेल तेव्हाच म्हणतो. म्हणून भरदिवसा समोर ठेवलेल्या टोमॅटोबद्दल तसे म्हणण्यात अर्थ नाही, अशी ती मांडणी होती.

ग्राइस यांना संवेदनाचा कारणवादी सिद्धान्त, म्हणजे वस्तू दिसणे म्हणजे तिच्यामुळे आपल्याला ‘तसे दिसते’ असा अनुभव येणे, हे मत वाचवायचे होते. त्यासाठी ‘मला लाल दिसते’ हे वाक्य शंका नसतानाही खरे ठरायला हवे होते, आणि हा युक्तिवाद त्या वाटेत आडवा येत होता. १९६१ च्या ‘द कॉझल थिअरी ऑफ पर्सेप्शन’ या निबंधात त्यांनी उत्तर दिले की, शंका ही त्या वाक्याच्या अर्थाचा भाग नसून ते वाक्य उच्चारण्यातून सूचित होते. वाक्य मात्र खरेच असते. सूचितार्थाची कल्पना आकाराला आली ती इथे, ज्ञानमीमांसेतल्या (ज्ञान कसे होते याच्या तत्त्वज्ञानातल्या) एका भांडणात, संभाषणाचा अभ्यास करताना नव्हे. माझ्या मते ग्राइस समजून घेण्याची ही किल्ली आहे.

कमी छापण्याचे म्हणाल, तर ते त्यांच्या स्वभावातच होते. ‘मीनिंग’ हा निबंध १९४८ मध्ये लिहून झाला होता, तो छापून आला १९५७ मध्ये. हार्वर्डच्या व्याख्यानांच्या प्रती वर्षानुवर्षे हातोहात फिरत राहिल्या, आणि त्यांपैकी ‘लॉजिक अँड कॉन्व्हर्सेशन’ हे सर्वाधिक गाजलेले व्याख्यान १९७५ मध्ये छापले गेले. त्याआधीच, १९६७ मध्ये, ते कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या विद्यापीठात गेले होते, आणि अमेरिकेतल्या भाषावैज्ञानिकांनी त्यांच्या कल्पना उचलून धरल्या. (क्रिकेट मात्र ते मन लावून खेळत, तिथे दिरंगाई चालत नसावी.)

प्रतिसाद : अवांतर_नको

मीमांसक यांच्याशी मी सहमत आहे. फक्त सूचितार्थ रद्द करता येतो, ही कसोटी त्यात जोडावी. ‘अहवाल झाला का?’ या प्रश्नाला ‘सकाळपासून वीज नाही,’ असे उत्तर आले, तर अहवाल झालेला नाही असे आपण समजतो. पण बोलणाऱ्याने लगेच ‘तरी मी तो काल रात्रीच संपवला होता,’ अशी पुस्ती जोडली, तर त्याच्या बोलण्यात विसंगती येत नाही. ‘अहवाल झाला नाही, पण झाला,’ असे मात्र म्हणता येत नाही.

ग्राइस यांच्यावरचा सर्वांत टोकदार आक्षेप भाषा आणि समाज यांच्या अभ्यासक एलिनर ओक्स कीनन यांनी १९७६ मध्ये मादागास्करमधील निरीक्षणांवरून घेतला. ‘आई कुठे आहे?’ या प्रश्नाला ‘घरात असेल किंवा बाजारात’ असे उत्तर आले, तरी बोलणाऱ्याला नक्की ठाऊक नाही, असा निष्कर्ष तिथले लोक काढतीलच असे नाही. कारण पुरेशी माहिती द्यावी, ही अपेक्षाच तिथे गृहीत धरलेली नसते. गंमत अशी की, १९६१ च्या निबंधात ग्राइस यांनी ‘माझी पत्नी स्वयंपाकघरात आहे किंवा शयनगृहात’ हेच जवळजवळ जुळणारे उदाहरण घेतले होते. माझ्या समजुतीप्रमाणे कीनन यांच्या आक्षेपामुळे सिद्धान्त कोसळत नाही. ती अपेक्षा जिथे नाही तिथे सूचितार्थही निघत नाही, हे उलट ग्राइस यांच्या मांडणीशी सुसंगतच आहे.

वाक्यशोधक

दोघांचेही आभार. एक उपप्रश्न विचारतो : हे सारे संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनांच्या ध्वनिसिद्धान्तात, म्हणजे काव्याचा खरा अर्थ सरळ न सांगता सुचवला जातो या मतात, आधीच आलेले नाही का?

मीमांसक

इतके सरळ समीकरण मांडू नये. आनंदवर्धनांचा विषय काव्य होता आणि व्यंग्यार्थासाठी (सुचवलेल्या अर्थासाठी) त्यांनी व्यंजना ही शब्दाची वेगळी शक्ती मानली. ग्राइस अशी शक्ती मानत नाहीत. सूचितार्थ तर्काने काढून दाखवता आला पाहिजे, अशी त्यांची अट आहे. तुलना करायचीच असेल, तर ‘व्यक्तिविवेक’कार महिमभट्टांशी करावी, कारण ज्याला ध्वनी म्हणतात ते अनुमानच आहे, असा त्यांचा पक्ष होता. तिथेही एक अडचण उरते : न्यायशास्त्रातल्या अनुमानाला अव्यभिचारी व्याप्ती (धूर तिथे अग्नी, असा कधीही न मोडणारा संबंध) लागते, तर ग्राइस यांचा निष्कर्ष पुढच्याच वाक्याने मागे घेता येतो. प्रबंधिकेसाठी विषय शोधत असाल, तर इथे काम करण्यासारखे बरेच आहे. फक्त त्याआधी १९६१ चा निबंध मुळातून वाचावा.