रांग, खोळंबा, कोंडी: तिन्ही एकच का?

रानजाई: महामार्गाचं काम सुरू असताना मागे किती वाहतूक तुंबेल, ते संगणकी मॉडेल चालवून आधीच काढतात. त्यावरच्या एका अहवालाचा मराठी सारांश करतेय. पहिलं वाक्य असं झालं: 'बांधकाम क्षेत्रातील वाहतूक कोंडीचे भाकीत वर्तवणारे प्रतिमान'. नवऱ्याने वाचलं आणि विचारलं, 'म्हणजे फ्लॅट स्वस्त होणार का?' वर्क झोन, क्यू, डिले, सिम्युलेशन, प्रेडिक्शन या शब्दांवर गाडी अडली आहे.

चुनखडी: त्यांचं काय चुकलं? 'बांधकाम क्षेत्र' म्हटलं की बिल्डरच डोळ्यांपुढे येतात. 'कामाचा पट्टा' म्हणा. क्यू आणि डिलेसाठी मात्र 'कोंडी' पुरे की.

साइटवरचा: पुरत नाही हो. रस्त्याच्या कामांवर बरीच वर्षं काढली म्हणून सांगतो, पेपरात 'कोंडी' सगळीकडे चालते, हिशेबात नाही.

दोन लेनपैकी एक बंद केली असं धरा. अमेरिकेतल्या हायवे कपॅसिटी मॅन्युअलच्या २००० सालच्या आवृत्तीत थोड्या दिवसांच्या कामासाठी उघड्या लेनमधून तासाला १,६०० मोटारी निघतात असं धरलेलं आहे. मागून येताहेत १,९००. पुढचं सगळं शाळेतलं हौद-तोटीचं गणित. दर तासाला ३०० उरतात, तीन तासांनी ९०० गाड्या. ही रांग. गाडीमागे साडेसात मीटर धरून मागच्या दोन लेनमध्ये त्या उभ्या केल्या तर जवळजवळ ३.४ किलोमीटर. आता शेवटच्या गाडीने बाहेर कधी पडायचं? ९०० भागिले १,६०० तास, म्हणजे ३४ मिनिटं. हा खोळंबा. रांग मीटरमध्ये आणि खोळंबा मिनिटांत. कोंडी ही नुसती अवस्था, तिला एकक नाही. अमेरिकेच्या फेडरल महामार्ग प्रशासनाचं क्विकझोन असाच आवक-जावकीचा हिशेब एक्सेलच्या तक्त्यात मांडायचं.

आणखी एक शब्द घ्या: शेपूट. रात्री काम चालू असताना आम्ही मागच्या झेंडेवाल्याला फोन करून एकच विचारतो, 'शेपूट कुठवर गेलं?' कारण 'पुढे काम चालू आहे' ही पाटी गाडीवाल्याला शेपटाच्या आधी दिसली पाहिजे. रांग पाटीच्याही मागे गेली, की भरधाव येणारा ट्रक थेट शेवटच्या गाडीवर. मला विचाराल तर रांगेचा हिशेब मुळात त्या पाटीसाठी करायचा, साहेबांच्या फायलीसाठी नाही.

चुनखडी: पटलं. सिम्युलेशनला 'सदृशीकरण' म्हणतात म्हणे, पण ते ऐकून ड्रायव्हरही गाडी बाजूला घेईल. मी तरी 'लुटुपुटीची वाहतूक' म्हणेन.

साइटवरचा: हसण्यावारी नेऊ नका, चपखल आहे! जर्मन एरोस्पेस सेंटरचं सुमो नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, त्यात प्रत्येक गाडी वेगळी पळते, ब्रेक मारते, लेन बदलते. लुटुपुटीचीच की. आपल्याकडे अडचण निराळी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांच्या कोष्टकात मोटार १, ट्रक ३ आणि मोठी बैलगाडी ८ मोटारींएवढी धरली आहे. आकडा दिला की बैलगाडीसुद्धा मॉडेलला पचते. उलट्या दिशेने येणारा दुचाकीवाला पचवून दाखवा म्हणावं.

पैलतीर: प्रेडिक्शन राहिलंच. शब्दाचं क्रियापद बघा. भाकीत वर्तवतात, अंदाज बांधतात, आडाखे मांडतात. अंदाज चुकतो, भाकीत खोटं ठरतं. मुकादम अनुभवावरून सांगतो तो ठोकताळा. मॉडेल 'एवढ्या गाड्या आल्या तर' या अटीवर बोलतं, म्हणून तो अंदाज. भाकितात 'तर' नसतो.

लॉस एंजेलिसला राहते म्हणून एक गंमत सांगते. जुलै २०११ मध्ये मुलहॉलंड पुलाचा अर्धा भाग पाडायला ४०५ महामार्गाचा सुमारे १६ किलोमीटरचा तुकडा ५३ तास बंद ठेवायचं ठरलं. आठवडेच्या आठवडे इशारे चालले होते. लोकांनी कार आणि आर्मागेडन जोडून 'कारमागेडन' शब्द पाडला, आपण 'गाडीप्रलय' म्हणू. प्रत्यक्षात शनिवारी रस्ते ओस! सगळे घाबरून घरी बसले होते. काम वेळेआधी उरकलं आणि रविवारी दुपारी रस्ता खुलासुद्धा झाला. मग अंदाज चुकला म्हणायचं का? ज्यांच्या गाड्या मोजायच्या होत्या त्यांनीच तो ऐकला होता.

चुनखडी: 'ऐकीव अंदाज' म्हणा. हवामान खात्याचा अंदाज ऐकून पाऊस काही घरी बसत नाही.

रानजाई: सगळ्यांचे आभार. आता वाक्य असं केलंय: 'महामार्गावरील कामाच्या पट्ट्यामागे रांग किती लांबेल आणि खोळंबा किती मिनिटांचा होईल, याचा अंदाज बांधणारे संगणकी मॉडेल'. नवऱ्याने फ्लॅटचं नाव काढलं नाही. सिम्युलेशन तसंच ठेवलंय, 'लुटुपुटी' मंजूर होणार नाही. 'शेपूट' मात्र घातलंय. आमचे साहेब त्याचं 'पुच्छ' करतील, एवढा ठोकताळा मलाही येतो.