मदत हवी आहे : चढाईच्या वाटेचं वर्णन करायला शब्द सुचवा

मंडळी, जरा मदत करा. आमच्या ग्रुपमधल्या नवीन पोरांसाठी कळसूबाईच्या बारी गावाकडच्या वाटेची माहिती मराठीत लिहायला घेतलीय, पण प्रत्येक ओळीत नुसतं ‘वर जा, मग अजून वर जा’ होतंय आणि वाचून काहीच कळत नाही.

साधा चढ, खडी चढण, अंगावर येणारा चढ एवढं माहितीय. डोंगराच्या सोंडेवरून, म्हणजे खाली उतरत आलेल्या धारेवरून, चढायचं असेल तर ‘सोंड धरून वर’, घळीतून असेल तर ‘नाळेतून वर’, हेही ठीक. लोखंडी शिड्यांचा तर प्रश्नच नाही, शिडी म्हटलं की झालं. अडतं कुठे, तर शिडी संपल्यावर वाट थोडी सपाट होते आणि मग परत हळूहळू चढायला लागते, त्या हलक्या चढाला काय म्हणता? आणि उभं न चढता डोंगराच्या पोटातून तिरकं वर जाणं? आम्ही ‘आडवी मारणे’ म्हणतो पण त्यात वर चढणं येत नाही ना!

दुसरं म्हणजे दिशा. पहाटे अंधारात निघणाऱ्याला ‘ईशान्येला वळा’ सांगून काय उपयोग, गावातले लोक उगवतीला, मावळतीला, वरच्या अंगाला असं बोलतात ते मला जास्त पटतं. पण ‘वरच्या अंगाला’ म्हणजे सगळीकडे चढाची बाजूच का? कोकणातल्यांनी, मावळातल्यांनी आपापल्याकडचे शब्द सांगा प्लीज, पुस्तकी ‘आरोहण’ वगैरे नको.