जुनी डिझेल पिकअप: सकाळी एअर धरते (डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरते), चढाला ताकद पडते. डिझेल पंप उतरवायचा का?

प्रश्न, कोपरखैरणे

गाडी २००९ ची, डीआय इंजिन (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं), मेकॅनिकल रोटरी डिझेल पंप, कॉमन रेल (सगळ्या नोजलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी सिस्टीम) नाही. वाशी मार्केटमधून माल भरून मुंब्रा बायपासने भिवंडी, हा रोजचा रूट. तक्रारी दोन. रात्रभर उभी राहिली की सकाळी आठ-दहा सेकंदांचे तीन-चार सेल्फ मारावे लागतात. पण आधी डिझेल फिल्टरवरचा हँड पंप पंधरा-वीस वेळा दाबला तर अर्ध्या सेल्फला चालू होते. दुसरं म्हणजे, बायपासच्या चढाला भरलेली गाडी तिसऱ्या गिअरवर दम तोडते. पॅडल पूर्ण दाबलं तरी काळा धूर येत नाही. बाजूला घेऊन पाच मिनिटं बंद ठेवली की परत नीट चालते. टाकी पावच्या खाली गेली की दोन्ही त्रास वाढतात. फिल्टर दोन महिन्यांपूर्वी बदललाय. गॅरेजवाले पंप ओव्हरहॉल करा म्हणतात. त्याआधी काय काय बघू?

उत्तर, कळवा

दादा, पंपाला अजून हात लावू देऊ नका. तुम्ही लिहिलेली लक्षणं टाकी ते फिल्टर या भागाकडे बोट दाखवतात, आणि मला तरी हे दोन वेगळे दोष दिसतात.

सकाळचा त्रास हवेचा. रात्री लाइनमधलं डिझेल मागे टाकीत उतरतं, कारण कुठून तरी हवा आत शिरते. इथे बहुतेक जण फसतात ते असे: टाकीकडून फिल्टरला येणाऱ्या पाइपमध्ये इंजिन चालू असताना ओढ असते, त्यामुळे तिथून डिझेल बाहेर गळत नाही, हवाच आत जाते. जॉइंट कोरडा दिसला म्हणून तो चांगला, असं धरू नका. हँड पंपातला व्हॉल्व्ह, फिल्टरची ओ-रिंग (जुनी चिकटून राहिली आणि वर नवी बसली, असंही होतं), बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर आणि टाकीवरचा रबरी पाइप, हे सगळं बघा. एकदा उघडलेला तांब्याचा वायसर परत वापरू नका.

चढाचा त्रास मात्र चोकचा, म्हणजे डिझेलची वाट तुंबल्याचा. काळा धूर नाही आणि ताकदही नाही, म्हणजे इंजिनला डिझेलच कमी पडतंय. पाच मिनिटांनी बरं वाटतं, कारण ओढ थांबली की टाकीतल्या जाळीला चिकटलेला गाळ खाली बसतो. टाकीचं झाकण उघडताना आत हवा ओढल्याचा फुस्स आवाज येतो का, तेही बघा. येत असेल तर झाकणाचा श्वास (हवेचं भोक) बंद झालाय.

उत्तर, घणसोली

वरच्याशी सहमत. अंदाजावर पार्ट बदलण्यापेक्षा कॅनची टेस्ट करा, दीडशे-दोनशे रुपयांच्या पाइपात उत्तर मिळतं.

आधी फिल्टर ते पंप या पाइपाच्या जागी फूटभर पारदर्शक पाइप लावा. गाडी चालू करून रेस द्या. पहिल्या मिनिटात बुडबुडे येणारच, ती जोडताना राहिलेली हवा. पाच मिनिटांनीही येत राहिले तर लीक नक्की. मग टाकीकडून येणारा पाइप फिल्टरवरून काढून त्याचं तोंड बंद करा आणि पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमधून नवा पाइप फिल्टरला द्या. रिटर्नचा पाइपही (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा) कॅनमध्येच सोडा, नाहीतर कॅन भराभर रिकामा होईल. कॅनच्या झाकणाला हवेसाठी छोटं भोक हवं.

कॅन कुठे ठेवता यावर सगळं आहे. हवेची टेस्ट करताना तो जमिनीवर, म्हणजे पंपाच्या खाली ठेवा आणि रात्रभर तसाच राहू द्या. वर ठेवला तर डिझेल आपोआप उतरतं आणि लीक लपून जातो. चढाच्या टेस्टला मात्र हौद्यात घट्ट बांधला तरी चालेल, तिथे फक्त चोक शोधायचाय. केबिनमध्ये किंवा सायलेन्सरजवळ कॅन ठेवू नका.

कॅनवर दोन्ही त्रास गेले तर दोष टाकीकडच्या लाइनमध्ये. सकाळचा राहिला तर फिल्टर, हँड पंप आणि पुढचे जॉइंट. चढाचा राहिला तर नवा फिल्टर टाकून बघा, मगच पंप.

प्रश्नकर्ता, कोपरखैरणे

टेस्ट झाली. जमिनीवरच्या कॅनवर सकाळी पहिल्याच सेल्फला चालू, बुडबुडे नाहीत. चढाला तिसऱ्यावर न थांबता गेली. टाकीवरचा रबरी पाइप वाकवला तर क्लिपखाली नखाएवढी चीर आहे. टाकीच्या ड्रेनमधून दोन लिटर बाटलीत काढलं, वीस मिनिटांत खाली बोटभर पाणी आणि तपकिरी गाळ बसला. आता पुढे?

उत्तर, कळवा

मग पंप वाचला. टाकी उतरवूनच धुवा, जाळी काढून ब्रशने साफ करा. नुसती हवा मारली तर गाळ टाकीतच राहतो आणि पंधरा दिवसांत परत जाळीवर येतो. टाकीला वेल्डिंग लागत असेल तर आत वाफ असताना कोणालाही करू देऊ नका. पाइप डिझेलचाच घ्या, जुन्याच्या आतल्या मापाचा. गवंड्याचा लेव्हल पाइप टेस्टपुरता ठीक आहे, पण डिझेलने तो कडक होतो आणि क्लिपखाली सुटतो. क्लिप फार आवळू नका, तुमची चीर त्यातूनच पडली असावी. फिल्टर दोन महिन्यांचा असला तरी बदला, त्यात हाच गाळ बसलाय.

एअर काढताना फिल्टरचा ब्लीड स्क्रू सैल करून फेस थांबेपर्यंत हँड पंप मारा आणि डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळा. तरीही चालू झाली नाही तर दोन नोजलच्या पाइपांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ द्या. हात लांब ठेवा, ते डिझेल कातडीत घुसतं. हे वाचणाऱ्या कॉमन रेलवाल्यांनी नट अजिबात उघडू नयेत, तिथे दाब हजार बारच्या वर जातो.

पावसाळाभर रात्री टाकी अर्ध्याच्या वर ठेवा, रिकाम्या जागेतल्या दमट हवेचंच पाणी होतं. आणि काढलेलं डिझेल गटारात ओतू नका, ते थेट खाडीत जातं. कॅनमध्ये भरून जुनं ऑइल घेणाऱ्याला द्या.